कंदिलाची परीक्षा रात्री

आकाशकंदील करणारा माणूस दिवसाउजेडी कामाला बसतो आणि तिथेच फसतो. खिडकीपाशी बसून जे देखणं वाटतं, त्याची संध्याकाळी आतला दिवा लागला की पार रया जाते. हौसेने चिकटवलेली सोनेरी नक्षी काळी ठिक्कर दिसते. खळीचे, म्हणजे मैदा शिजवून केलेल्या चिकट लगद्याचे, ओघळ नकाशासारखे उमटतात. जिथे एका कागदावर दुसरा आला, तिथे गडद पट्टा. कंदील ही रात्री बघायची वस्तू आहे, एवढं एक ध्यानात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात. उरलेल्या निम्म्या कामट्यांच्या, म्हणजे सांगाड्याच्या बांबूच्या पट्ट्यांच्या, असतात.

कंदिलाचे प्रकार पुष्कळ, पण इथे बोलायचं ते जुन्या पारंपरिक घाटाच्या कंदिलाबद्दल: मधोमध पतंगासारखे टोकावर उभे चार चौकोन, त्यांच्या खांद्यांवर चार त्रिकोण, खाली चार त्रिकोण, वर आणि तळाला एकेक उघडा चौकोन. या घाटाची गंमत अशी, की दिसायला तो अवघड आणि मापाला अगदी सोपा. सगळ्या बाजू सारख्या. चोवीस कामट्या, सगळ्या एकाच लांबीच्या. गाठीपासून गाठीपर्यंत २० सेंमी हवे असतील तर कामटी २१ची कापायची, दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सेंमी सोडून पेन्सिलीची खूण करायची आणि खुणेवरच बांधायचं. एवढ्या मापाचा कंदील सुमारे २८ सेंमी उंच आणि मधल्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत ४० सेंमी रुंद होतो. चाळीतल्या गॅलरीला किंवा फ्लॅटच्या बाल्कनीला पुरेसा.

कामटी साधारण ६ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड असावी. बुरुडाकडे तयार मिळते; घरी बांबू फोडायचा असेल तर पेराची गाठ ज्या तुकड्यात येईल तो बाजूला टाकावा. गाठीपाशी कामटी सरळ राहत नाही, आणि रात्री प्रत्येक कामटी म्हणजे काळी रेघ असते. वाकडी रेघ रस्त्यावरून दिसते.

आधी चार चौकोन सुटे बांधावेत, मग टोकाला टोक लावून त्यांचं कडं करावं, शेवटी वरच्या चार आणि तळाच्या चार कामट्या. दोरा जाड, सुती. फुलीसारखे तीन-चार वेढे घ्यायचे आणि मग दोन कामट्यांच्या फटीतून, आधीच्या वेढ्यांना आवळत आणखी दोन. हे दोन शेवटचे वेढे लोक हमखास विसरतात. मग गाठ घट्ट असूनही कामटी आतल्या आत फिरते. गाठीवर खळीचं एक बोट फिरवून वाळू द्यावं.

एवढं करूनही सांगाडा डुगडुगतो. याला घाबरून बरेच जण सगळं सोडून पुन्हा बांधायला बसतात, आणि तोही तसाच डुगडुगतो. दोष बांधणाऱ्याचा नाही. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन मात्र दाबला की लवंडतो, आणि इथे चौकोन सहा आहेत. जमिनीवर ठेवला की सांगाडा बसका होतो, टांगला की लांबट. त्याला ताठ करतो तो कागद. म्हणून कागद लावण्याच्या वेळी सांगाडा बरोबर आकारात असायला हवा; बसका असताना लावला, तर कंदील जन्मभर बसकाच. उपाय फुकटचा आहे: २८ सेंमीची एक काडी मापाला ठेवायची आणि कागद लावण्याआधी त्या-त्या चौकोनाच्या उभ्या आणि आडव्या टोकांमध्ये धरून बघायची. दोन्हीकडे सारखी बसली की तो चौकोन खरा. वरच्या उघड्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पोचतील अशा दोन जादा, लांब कामट्या फुलीत बांधल्या की तोही जागचा हलत नाही आणि होल्डर अडकवायची सोय होते.

खळ हा आता विसरत चाललेला पदार्थ. बाटलीतला पांढरा गोंद चालतो, पण तो पटकन ओढतो, कागद सरकवायला वेळ देत नाही. दोन मोठे चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग एकूण एक कप पाणी होईल इतकं घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरटपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची. गार झाल्यावर ती आणखी दाटते, म्हणून किंचित सैल असतानाच थांबावं. बुरशी आणि झुरळं येऊ नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालण्याची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी असतं. ते घालायचं तर खळ टाकाऊ प्लास्टिकच्या डब्यात काढून मगच, आणि मुलं मदतीला असतील तर अजिबात नको. खळ रोज ताजी करावी, फार तर काय, दोन चमचे मैदा जाईल.

कागद पतंगाचा. ५० बाय ७५ सेंमीच्या एका तावात चारही चौकोन बसतात, दुसऱ्यात आठही त्रिकोण, उलटसुलट मांडले तर. कडेने दीड सेंमी जादा ठेवायचा: तो कामटीवरून आत वळतो आणि कामटीच्याच सावलीत लपतो. अडीच ठेवला की उरलेली किनार आत लोंबते आणि रात्री उजेडात येते. खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. ओला पतंगी कागद हातातच फाटतो.

आणि कागद फार ताणायचा नाही. हे पटत नाही, कारण लावताना तो सुरकुतलेला दिसतो आणि हात आपोआप ओढायला जातात. ओलाव्याने कागद पसरलेला असतो, वाळताना तो आपणहून आक्रसतो. सैलसर लावलेला सकाळी टिचकी मारली तर टणटण वाजतो. तट्ट ओढलेला रात्रीत कुठेतरी फाटतो, किंवा कामटीला धनुष्य करून ठेवतो. आधी चौकोन, ते वाळले की त्रिकोण. बारा टोकांवर गाठी उघड्या राहतात, तिथे मात्र सोनेरी चांदण्या खुशाल लावाव्यात. गाठ तशीही काळीच दिसणार.

झिरमिळ्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ४५ सेंमी लांब, दीड सेंमी रुंद पट्ट्या, वर चार सेंमी न कापता सोडलेल्या. तळाच्या चौकोनाचा घेर ८० सेंमी आणि ताव ७५चा, त्यामुळे एक ठिगळ लागतंच. ते भिंतीकडच्या बाजूला यावं.

दिव्याचं मात्र नीट बघायला हवं. नेहमीच्या एलईडी दिव्याचा मागचा अर्धा भाग बंद असतो. वरून टांगला की उजेड सगळा खाली पडतो आणि वरचे त्रिकोण काळोखात राहतात. काचेच्या फुग्यात तारा दिसणारा एलईडी मिळतो, त्याचा उजेड चौफेर पसरतो. ४ वॉटचा, पिवळसर उजेडाचा, बरोबर मध्यावर. पिवळ्या उजेडात केशरी, राणी, पांढरा हे रंग उठतात. निळा मावळतो आणि जांभळा तर काळपटच दिसतो. दुकानात रंग निवडताना ताव मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून काही उपयोग नाही, तो उजेड पांढरा. घरच्या पिवळ्या दिव्यासमोर धरावा.

टांगायची दोरी वरच्या चारही कोपऱ्यांतून घ्यावी. वरची-खालची तोंडं झाकू नयेत, वारा आरपार गेला पाहिजे, नाहीतर तो कागदातून वाट काढतो. दवाने कागद रात्री सैल पडला तर हात लावू नये, उन्हं आली की पुन्हा ताठ होतो.

तुळशीच्या लग्नानंतर कंदील उतरवला की कागद फाडून सांगाडा माळ्यावर ठेवता येतो. पुढच्या वर्षी काढताना खाली पिवळट भुकटी दिसली, तर ती कामटी किडलेली आहे, तेवढी सोडवून नवी बांधायची. म्हणून बुरुडाकडून कामट्या आणताना तिसेक आणाव्यात.