रविवारीसुद्धा?

रविवारी सकाळी डबा घेऊन जिना उतरताना शेजारच्या काकू दुधाची पिशवी घेऊन वर येत असतात. "आज रविवार ना गं? आज पण?" हाच प्रश्न मला सासरी-माहेरी, राममारुती रोडवर अचानक भेटलेल्या शाळेतल्या मैत्रिणींनी आणि माझ्या लेकीने तर लहानपणी दर आठवड्याला विचारलाय. "हो काकू, पेशींना खायला घालायचंय," एवढं बोलून मी स्टेशनची वाट धरते. ते उत्तर अर्धंच असतं. रविवारीसुद्धा प्रयोगशाळेत का जावं लागतं, असं तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

मी माणसाच्या प्लुरिपोटंट मूलपेशींवर काम करते. हृदय, मेंदू, रक्त, डोळ्याचा पडदा, शरीरातलं काहीही व्हायची ताकद जिच्यात अजून शाबूत आहे ती प्लुरिपोटंट पेशी. गर्भात ही अवस्था अगदी थोडे दिवस टिकते. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भ डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा असतो, तेव्हा त्याच्या आतल्या मूठभर पेशी अशा असतात. लगेच त्या आपापल्या वाटेला लागतात. आम्ही प्रयोगशाळेत ही चार दिवसांची अवस्था वर्षानुवर्षं धरून ठेवतो. पेशींना पुढे जायचं असतं आणि आम्ही त्यांना "थांबा" म्हणत असतो. ते एकदा म्हणून भागत नाही.

"थांबा" म्हणण्याचं मोठं काम मीडियममधलं, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यातलं, एफजीएफ-२ नावाचं प्रथिन करतं, आणि इन्क्युबेटरच्या ३७ अंशांना ते दिवसभरसुद्धा नीट टिकत नाही. म्हणून रोज जुनं मीडियम काढायचं, नवं घालायचं. हल्ली टिकाऊ एफजीएफ घातलेलं मीडियम मिळतं. शनिवारी जास्त घातलं की रविवार निभतो, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या सुट्ट्या त्यामुळे वाचल्या याचा मला मनापासून आनंद आहे. पण द्रव नायट्रोजनमधून नुकत्याच काढलेल्या पेशी असल्या, किंवा एखाद्या डिशमधल्या पेशींना हृदयाच्या पेशी व्हायच्या वाटेला लावलेलं असलं, तर तिथे वार बघून चालत नाही.

चांगली कॉलनी, म्हणजे डिशमध्ये वाढलेला पेशींचा पुंजका, कशी दिसते ते सांगते. चपटी, कडा रेखीव, आत पेशी इतक्या दाटीवाटीने बसलेल्या की एकीची हद्द कुठे संपते ते कळू नये. प्रत्येकीत भलंमोठं केंद्रक, त्यात गडद ठिपके. मग एखाद्या दिवशी कडेच्या दोन-चार पेशी पसरट दिसतात, पाय फुटल्यासारख्या. त्यांचं ठरलंय. त्या वाटेला लागल्या आणि शेजारणींनाही ओढणार. हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, मायक्रोस्कोप ठेवून, पिपेटच्या टोकाने तेवढाच भाग खरवडून काढायचा. टोक अर्धा मिलिमीटर सरकलं तरी चांगल्या पेशी जातात, त्यामुळे त्या वेळी खोलीत कोणी बोलत नाही. आणि या पेशींना एकटेपणा सोसत नाही. कॉलनी फोडून पेशी सुट्या केल्या की बहुतेक मरतात. त्या जगाव्यात म्हणून वेगळं रसायन घालावं लागतं, तेही जपानी शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवून दिलं तेव्हा कळलं.

माझी सुरुवात एका झेरॉक्सने झाली. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या गर्भापासून मूलपेशींचे पाच वंश (डिशमध्ये पिढ्यानपिढ्या वाढत राहणारे पेशींचे संच) वाढवल्याचा निबंध छापून आला. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत शिल्लक राहिलेले, दांपत्यांनी स्वखुशीने दिलेले ते गर्भ होते. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. तीन पानांचा तो निबंध मी ठाणे लोकलमध्ये उभ्याने वाचला. उंदरात हे १९८१ मध्येच जमलं होतं, माणसापर्यंत यायला सतरा वर्षं लागली. पुढे आपल्याकडेही परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत दोन वंश तयार झाले, तेव्हा हे काम इथे राहून करता येईल याची मला खात्री पटली. मधल्या काळात, २००६ मध्ये, शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं घालून तिला मागे, त्या न ठरलेल्या अवस्थेत नेलं. पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेच्या पेशीतही ते जमलं. गर्भ लागतच नाही! त्या आठवड्यात मला झोप लागली नव्हती.

माझं आताचं काम बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर आहे. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांमध्ये या आजाराचे वाहक बरेच. ठाण्यात वाढलेल्या माणसाला, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घ्यायला जाणारं एखादं मूल माहीत असतंच. अशा मुलांच्या रक्तातून मूलपेशी बनवायच्या, त्यांच्यापासून डिशमध्ये लाल पेशी घडवायच्या आणि बिघाड नेमका कसा होतो ते पाहायचं. ऐकायला सरळ आहे. अडचण अशी की डिशमध्ये घडलेल्या लाल पेशी गर्भातल्यासारखंच हिमोग्लोबिन बनवतात. या आजाराचा दोष असतो मोठेपणीच्या हिमोग्लोबिनमध्ये, म्हणून तर बाळ जन्मतः ठीक असतं आणि काही महिन्यांनी फिकट पडू लागतं. जो दोष बघायचा तोच दिसायला तयार नाही. पेशींना "थांबा" म्हणायला आम्ही शिकलो, "मोठ्या व्हा" म्हणायला अजून पुरतं शिकलो नाही. सात वर्षं मी त्याच प्रश्नावर आहे आणि मला तो सोडायचा नाही.

एकदा आठ महिन्यांचं काम टाकून द्यावं लागलं. एक वंश झकास वाढत होता. लवकर भरायचा, खरवडायला काही निघायचंच नाही. मीच म्हणायचे, किती गुणी पेशी आहेत. गुणसूत्रं तपासली तेव्हा विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा जास्तीचा निघाला. तो तुकडा पेशीला मरू देत नाही, म्हणून असल्या पेशी हळूहळू सगळी डिश व्यापतात. जगभर हा बदल पुन्हा पुन्हा सापडलाय. तपासणी मी लांबवली होती, चूक माझी होती. पेशी फारच छान वाढायला लागल्या की आता मी आधी तपासायला पाठवते.

हे एवढं का सांगितलं, तर गेल्या वर्षी रविवारच्या प्रश्नानंतर काकूंनी दुसरा प्रश्न विचारला. त्यांच्या भाच्याचा मुलगा स्वमग्न आहे. कोणीतरी मूलपेशींची इंजेक्शनं सुचवली होती, घर गहाण ठेवावं लागेल इतका खर्च. "तू यातलीच ना, सांग." मी त्यांना आत घेतलं, चहा ठेवला आणि सांगितलं, काकू, नको. प्लुरिपोटंट पेशी तशाच अंगात टोचल्या तर गाठ होते. आम्ही पेशी अस्सल आहेत का हे उंदराला टोचून तसंच पारखतो, त्या गाठीत कूर्चा असते, केससुद्धा सापडतात. दवाखाने बहुधा दुसऱ्याच पेशी टोचतात, अस्थिमज्जेतल्या, पण त्यांनी स्वमग्नता बरी होते याचाही पुरावा नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मूलपेशींचा मान्य उपचार म्हणून जागा आहे ती अस्थिमज्जा रोपणासारख्या उपचारांना, रक्ताच्या आजारांसाठी. बाकी सगळं प्रयोग, आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की तिथून उठायचं. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तू भाच्याशी बोलशील?" बोलले. त्यांनी घर गहाण टाकलं नाही, मुलगा स्पीच थेरपीला जातो.

या रविवारी ठाणे-वाशी मार्गावर मेगाब्लॉक आहे. विटाव्यावरून बसने जाईन. हृदयाच्या वाटेला लावलेल्या डिशचा नववा दिवस आहे, आणि शनिवारी संध्याकाळी तिच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं असं मला वाटलं.