समेवर कापता येईल असं सॉफ्टवेअर हवं होतं

डोंबिवलीत आमच्या घराच्या आतल्या खोलीत मी गेली १२ वर्षं गाणं शिकवते. प्रारंभिक परीक्षेच्या लहान मुलींपासून वरच्या मध्यमा परीक्षेच्या दोघा-तिघांपर्यंत सगळे त्याच खोलीत बसतात. घरी गेल्यावर मुलं मोबाइलवरचा तानपुरा आणि तबला लावून रियाझ करतात. सुरात राहायला त्याचा उपयोग होतो, मी नाही म्हणत नाही. पण विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचा संथ ताल, सुरू झाला की अडतं. मोबाइलचा ठेका गाणाऱ्याकडे बघत नाही. मुखडा, म्हणजे समेवर येणारी बंदिशीची ओळ, जरा लांबला तर साथीचा माणूस शेवटची मात्रा किंचित सांभाळून घेतो, आणि सम, म्हणजे तालाच्या प्रत्येक आवर्तनाची पहिली मात्रा, काय असते ते मुलाला खरं तिथे कळतं. तसं रेकॉर्डिंग मला मुलांसाठी करायचं होतं. मी गाणार, तबल्यावर काका, मागे तानपुरा. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. भजनापासून ख्यालापर्यंत साथ करण्यात उभं आयुष्य गेलेलं. रविवारी मोकळे असतात.

सामान लवकर जमलं. दोन माइक जोडता येतील असा छोटा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये पोहोचवणारी पेटी), दोन कंडेन्सर माइक, कान पूर्ण झाकणारे दोन हेडफोन, आणि घरातलाच ८ जीबी रॅमचा जुना विंडोज लॅपटॉप. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, तो इंटरफेसमधूनच मिळतो. खिडकीवर आणि कपाटाच्या दारांवर आईने शिवलेल्या गोधड्या टांगल्या. त्यांनी खोलीतला घुमारा इतका कमी झाला की फोमचे तक्ते आणायचा विचार सोडून दिला. पंखा बंद, फ्रिज बंद. रविवारी मेगाब्लॉक असेल तर गाड्यांचा आवाजही कमी, म्हणून काकांना दुपारचीच वेळ देते.

सॉफ्टवेअर ठरवायला मात्र ५ महिने लागले.

माझा भाचा पुण्यात असतो, त्याच्याकडे मॅक आहे. तो गॅरेजबँडवर शिकला आणि आता लॉजिक प्रो वापरतो. दोन्ही फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतात, त्यामुळे माझ्यासाठी तो रस्ता बंद होता. मुंबईतल्या मोठ्या स्टुडिओंमध्ये प्रो टूल्स असतं, हे गाण्याच्या वर्तुळात सगळ्यांनाच माहीत असतं. त्याची इंट्रो नावाची मोफत आवृत्ती मिळते, तिच्यात आवाजाचे ८ ट्रॅक असतात. माझं काम तीन ट्रॅकांत भागणार होतं, म्हणजे तिथेही अडचण नव्हती. एबलटन लाइव्ह पाहिलं. चौकोनांमध्ये लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे, भरून ते हवे तसे सुरू-बंद करण्याची त्याची पद्धत तालाचे तुकडे रचणाऱ्यांना फार सोयीची आहे. भाचा म्हणाला, "अगं आत्या, काकांचं एक आवर्तन घे आणि लूप टाक ना, वीस मिनिटं आपोआप होतील." पण मग तो पुन्हा मोबाइलचाच ठेका झाला असता.

सुरुवातीला मी चुकीच्या गोष्टी मोजत होते. कशात किती वाद्यं, किती इफेक्ट, कुठे किती गिगाबाइटचे लूप फुकट, याची वहीत कोष्टकं केली होती. दोन ठिकाणी फटका बसला. एका प्रोग्रॅमची चाचणीची मुदत संपली आणि त्याने सेव्ह करणंच बंद केलं. भूपाचं जवळजवळ पूर्ण झालेलं काम डोळ्यांसमोर असून हाती लागेना. दुसऱ्या एका मोफत प्रोग्रॅममध्ये काकांबरोबर सोळा मिनिटं गायले, थांबवलं, आणि स्क्रीन गोठली. पुन्हा उघडल्यावर फाइल रिकामी. काका काही बोलले नाहीत, हातोडी घेऊन तबला पुन्हा मिळवायला लागले. त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं. तोच आलाप, तोच मुखडा दुसऱ्यांदा तसाच येत नसतो.

मग मेट्रोनोमचा, म्हणजे ठरलेल्या वेगाने टकटक करणाऱ्या क्लिकचा प्रयोग. जवळपास सगळे मार्गदर्शक व्हिडिओ सांगतात की आधी टेम्पो ठरवा, क्लिक लावा, त्यावर रेकॉर्ड करा, म्हणजे पुढची जुळणी सोपी. आमच्या विलंबितात एक मात्रा साधारण ४ सेकंदांची. म्हणजे मिनिटाला १५ ठोके. चार चार सेकंदांनी येणाऱ्या एका टकटकीवर कुणाला लय धरता येत नाही. म्हणून मी टेम्पो ६० ठेवला आणि मात्रेचे चार भाग मोजायचं ठरवलं. बारा मात्रांचे ४८ ठोके, एक आवर्तन ४८ सेकंदांचं. हिशेब अगदी बरोबर होता. काकांनी तीन आवर्तनं वाजवली आणि हेडफोन काढून ठेवला. "ताई, मी तुमची वाट बघतो ना समेला, ती या टकटकीला कळत नाही," म्हणाले. त्यांचं खरं होतं. मी रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा ठेका घड्याळासारखा चालला होता आणि माझा मुखडा त्यात कोंबल्यासारखा वाटत होता. शिवाय तासभर गाताना लय नकळत चढते, ती चढायलाच हवी. तिला खिळ्याने ठोकून ठेवलं तर बडा ख्याल पुढे सरकणार कसा?

द्रुतासाठी किंवा सुगम गाण्यासाठी क्लिक लावायला हरकत नाही. झपतालाला १० मात्रांचं माप देऊन १, ३, ६, ८ वर जोर ठेवता येतो, रूपकाला ७ चं माप देता येतं. मुलांच्या अलंकारांसाठी मी तसं करतेही. पण ख्यालासाठी क्लिक नको, हे त्या रविवारी पक्कं झालं.

पुढचा प्रश्न होता, दोघांनी वेगवेगळं गावं-वाजवावं का? आधी तबला, मग त्यावर मी? एकदा करून पाहिलं. काकांनी कुणीही गात नसताना ठेका दिला, आणि मी ऐकून ऐकून गायले. त्यात बोलणं एकतर्फी झालं. तेव्हा एकत्रच बसायचं ठरलं, एकाच खोलीत, समोरासमोर. तानपुरा तेवढा आधी वीस मिनिटं रेकॉर्ड करून ठेवते आणि तो हेडफोनमध्ये ऐकत आम्ही दोघं सुरू करतो. आता एकत्र बसलं की माझ्या माइकमध्ये डग्गा येतो आणि तबल्याच्या माइकमध्ये माझा आवाज. माइकांची तोंडं फिरवून, मध्ये गोधडीचा पडदा टाकून ते कमी होतं, जात नाही.

इथेच मला काय हवं आहे ते नीट कळलं. एकमेकांच्या माइकमध्ये आवाज शिरला असेल तर एकट्या गाण्याची दुरुस्ती करता येत नाही. तिसऱ्या आवर्तनात माझा निषाद चढा लागला म्हणून फक्त माझा ट्रॅक कापून दुसरा तुकडा लावला, तर तबल्याच्या माइकमधला जुना निषाद तसाच ऐकू येतो. म्हणजे कापायचं तर दोन्ही ट्रॅक एकाच जागी कापायचे, मधलं आवर्तन काढायचं आणि पुढचं सगळं मागे ओढून घ्यायचं. तानपुऱ्याला मात्र हात लावायचा नाही, त्याच्या तारा मध्येच तुटल्यासारख्या वाटतात. आणि कापायची जागा एकच, सम. समेवर डग्ग्याचा जोरकस "धिं" येतो, त्याच्या पोटात जोड लपतो. ती सम सॉफ्टवेअरच्या ठोके मोजणाऱ्या पट्टीवरच्या रेघेवर पडत नाही, काकांचा हात पडेल तिथे पडते. तर मला असं काही हवं होतं, ज्यात पट्टी बाजूला सारता येईल, ऐकता ऐकता प्रत्येक समेला खूण करता येईल, आणि निवडलेले ट्रॅक एकत्र कापून मधली जागा मिटवता येईल.

वहीतली कोष्टकं मी बाजूला ठेवली आणि एवढंच घेऊन पुन्हा पाहायला बसले. ऑडॅसिटी माझ्याकडे आधीपासून होतं, आणि ते २००० सालापासून मोफत मिळतं. जुन्या कॅसेटींवरचं गाणं उतरवून घ्यायला, खरखर कमी करायला मी आजही तेच उघडते. ख्यालाच्या कामासाठी शेवटी रीपर घेतलं. विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांच्या कंपनीचं ते. ६० दिवस काहीही न अडवता पूर्ण वापरता येतं. उतरवून घ्यायची फाइल अगदी छोटी, त्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपवरही ते पटकन उघडतं.

पहिल्या दिवशी दोन गोष्टी बदला, असं मी कुणालाही सांगेन. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमबेस "टाइम" करा. नाहीतर टेम्पोचा आकडा बदलला की रेकॉर्ड केलेला आवाजही त्यासोबत ताणला किंवा आवळला जातो, आणि ख्यालाला ते नको. दुसरं, वरची पट्टी मिनिट-सेकंदांची करा आणि स्नॅप, म्हणजे तुकडा आपोआप जवळच्या रेघेवर ओढणारी सोय, बंद करा. मग कापलेला तुकडा जिथे ठेवाल तिथेच राहतो.

रेकॉर्डिंग झालं की मी डोळे मिटून ऐकते आणि प्रत्येक समेला एम ही कळ दाबते. तिथे खूण पडते. वीस मिनिटांच्या विलंबितात अशा २५ च्या आसपास खुणा होतात. खुणांमधलं अंतर पाहिलं की लय कशी चढत गेली तेही दिसतं, सुरुवातीला ४८ सेकंद, शेवटी ४२. मुलांना मी ते स्क्रीनवर दाखवते. खूण पडते ती माझ्या बोटाच्या वेगाने, किंचित उशिरा. म्हणून मग आवाजाची लाट मोठी करून ती डग्ग्याच्या ठोक्याच्या अगदी आधी सरकवते, आणि तिथेच कापते. तुकडा काढल्यावर पुढचं आपोआप मागे यावं यासाठी रिपल एडिटिंग आहे. ते एकेका ट्रॅकपुरतं किंवा सगळ्या ट्रॅकांना लावता येतं. मी ट्रॅकपुरतं ठेवून गाणं आणि तबला दोन्ही निवडते, त्यामुळे तानपुरा जागचा हलत नाही. जोडावर काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला, म्हणजे आधीचा तुकडा विरता विरता पुढचा उमटू दिला, की झालं.

हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा ऐकू येणं हा त्रास जवळजवळ प्रत्येकाला होतो. त्यात दोष सॉफ्टवेअरचा असतोच असं नाही. इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारा जोड-प्रोग्रॅम) टाका आणि बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा, कमी करा. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे जेमतेम ३. आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन परत येतो, त्यामुळे प्रत्यक्षातला उशीर याहून जास्तच असतो, आणि तान घेताना तेवढ्यानेही जीभ अडखळते. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल तर तेच दाबा, मग आवाज लॅपटॉपमधून फिरून येतच नाही. मी हल्ली एवढंच करते.

आवाजाची पातळी मी कमी ठेवते, सर्वांत वरचा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. २४ बिटमध्ये नंतर वाढवायला भरपूर वाव असतो. उलट तार षड्जावर आवाज एकदा फाटला की तो कशानेही दुरुस्त होत नाही. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला एका ट्रॅकचे मिनिटाला साडेआठ एमबीहून थोडे जास्त होतात, म्हणजे वीस मिनिटांचे तीन ट्रॅक साधारण ५२० एमबी. काम झालं की त्याच दिवशी पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर.

सूर सरळ करणारी साधनं आता सगळीकडे येतात. मी ती लावत नाही आणि मुलांनाही लावू देत नाही. ती स्वराला बारा ठरलेल्या जागांपैकी जवळच्या जागेवर नेऊन बसवतात. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे हेलकावत लागणारा, गंधार तसा बसवला की त्यात दरबारी राहत नाही. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर पायऱ्या पायऱ्यांची होते. निषाद चढा लागला असेल तर ते आवर्तन पुन्हा गावं.

६० दिवस संपल्यावर मी परवाना घेतला. व्यक्तिगत वापरासाठी आणि वर्षाची उलाढाल २० हजार डॉलरच्या आत असलेल्यांसाठी तो ६० डॉलरला आहे, म्हणजे आपले पाच हजारांच्या आसपास. त्याहून मोठ्या व्यवसायाला २२५ डॉलर. चाचणीच्या काळातलं सगळं काम जसंच्या तसं पुढे आलं. प्रोजेक्टची फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्येही उघडते, आणि आवाजाच्या फाइल शेजारी वेगळ्या राहतात. ती सोळा मिनिटं गमावल्यापासून मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

दिवाळीनंतर यमनचा विलंबित पूर्ण झाला. सातवं आवर्तन मी काढून टाकलं होतं, तिथे मुखड्याला श्वास कमी पडला होता. काकांना सांगितलं नव्हतं. त्यांनी हेडफोन लावला, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत वीस मिनिटं ऐकलं. जोडाची सम आली आणि गेली, बोटं थांबली नाहीत. शेवटी म्हणाले, "मला वाटतं आपण एक आवर्तन जास्त वाजवलं होतं." मी कुठलं ते दाखवलं. त्यांनी तेवढा भाग पुन्हा ऐकला, मग म्हणाले, "पुढच्या रविवारी मालकंस घेऊ. पण डग्ग्याचा माइक वीतभर लांब ठेवा."