टीव्ही, कूलर आणि आमचा बापू

आमच्या घरी कूलर एकच. तो बैठकीच्या खिडकीला आणि त्याच्या वाऱ्यातच टीव्ही. ज्याने लातूरचा एप्रिल-मे काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. पारा ४२ च्या आसपास गेला की दुपारी अकरा ते पाच लेकराला अंगणात सोडता येत नाही. सगळं घर त्या एका खोलीत गोळा होतं, आणि गोळा झालं की कोणाचा तरी हात रिमोटकडे जातोच.

मुलाला पणजोबांचं नाव ठेवलंय. त्यामुळे नाव घेऊन त्याच्यावर कोणी ओरडत नाही, सगळे त्याला बापूच म्हणतात. गेल्या मार्चमध्ये त्याला तीन वर्षं पूर्ण झाली. मी घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नसराई नेमकी उन्हाळ्यात. नवरीचे अस्तरचे ब्लाउज, हळदीच्या साड्यांचे फॉल, सगळं तारखेला बांधलेलं. एका हातात कात्री, शेजारी टाचण्यांची डबी, पलीकडे तापलेली इस्त्री. अशात बापू टीव्हीसमोर बसला की जागचा हलत नसे आणि माझे दोन ब्लाउज निघत. हे मी मुद्दाम आधी सांगते. ‘लेकरांना टीव्ही दाखवू नका’ असं सांगणारं बरंच वाचायला मिळतं, पण तेवढ्या वेळात आईने मशीनवर बसायचं कसं, हे कोणी लिहीत नाही.

रात्री अकरा वाजले तरी तो झोपेना आणि टीव्हीशिवाय घास घेईना, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं होतं, भूक लागायचं टॉनिक लिहून देतील. त्यांनी औषध काही दिलं नाही, एक हिशोब सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलंय तोच. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, त्याहून कमी असेल तर उत्तमच. दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल, त्यातला एक तास चांगलं धावणं-उड्या मारणं. आणि दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप. मी एका तासावरच अडले होते. डॉक्टर म्हणाले, “ताई, तो एक तास धरून बसू नका. आधी झोप आणि खेळ बसवा, टीव्हीला जागाच कमी राहील. आणि चार-पाच दिवसांचं लिहून आणा, टीव्ही कधी लागतो आणि कोण लावतं.”

माझ्याकडे मापाची वही असतेच. पुढे गिऱ्हाइकांची छाती, कंबर, बाही. मागच्या पानांवर टीव्ही लिहायला लागले. लिहिल्यावर दिसलं की बापूचा म्हणून जो टीव्ही होता, तो निम्माच. बाकीचा आम्हा मोठ्यांचा. सासऱ्यांना मी मामा म्हणते. गावाकडे शेती आहे, त्यामुळे संध्याकाळी बातम्या आणि सोयाबीनचा भाव त्यांना लागतोच. सासूबाईंची, म्हणजे आत्याची, मालिका साडेसातला. कोणी बघत नसलं तरी टीव्ही चालूच. डॉक्टरांनी पुढच्या भेटीत ह्याच रकान्यावर बोट ठेवलं. मागे टीव्ही चालू असला की घरातली माणसं लेकराशी कमी बोलतात आणि लेकरू खेळता खेळता सारखं मान वर करतं, खेळात रमत नाही. ते खरंच होतं. बापू गाडी हातात घेऊन जाहिरातीकडे बघत बसलेला मी कितीदा पाहिला होता.

मग कूलर आतल्या खोलीत नेला. ही कल्पना ह्यांची. आडतीवरून जेवायला आले आणि घाम पुसत म्हणाले, “माणसं टीव्हीला नाही, वाऱ्याला बसतात.” आतल्या खिडकीचे गज कापून स्टँड बसवायला वेल्डिंगवाल्याला बोलवावं लागलं, एवढाच खर्च. माझं मशीन आतच आलं, पण वाऱ्याच्या झोतात नाही, नाहीतर दोरे आणि कागदी कटिंग खोलीभर उडतात. कात्री उंच खिळ्याला, टाचण्या कपाटात. दुसऱ्याच दिवशी मामा उशी घेऊन आत आले, मागोमाग आत्या डाळ निवडायचं सूप घेऊन. बैठकीत पंखा गरम हवा फेकत होता आणि टीव्हीसमोर कोणीच नव्हतं. बापू दोनदा बाहेर जाऊन आला आणि घामेजून परत आत. मला बोलायची गरजच पडली नाही.

आत त्याला उद्योग लागत होता. दोऱ्यांची रिकामी रिळं ओवून आगगाडी, कोटाची मोठी बटणं रंगाप्रमाणे वेगळी करणं, आत्याबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडणं. बारीक बटणं आणि हुक मी हाती लागू देत नाही, तोंडात घालायचं वय अजून पुरतं सरलेलं नाही. दीडच्या सुमाराला मशीनच्या आवाजात तो झोपायचा. दुपारची झोप लागली की सगळ्यात मोठं काम झालं, कारण पेंगुळलेलं लेकरूच टीव्हीसाठी जास्त हट्ट करतं. हे मात्र वहीत लिहिल्यावरच कळलं.

टीव्ही साफ बंद केला नाही. पाचच्या चहाला अर्धा तास, मी किंवा आत्या शेजारी बसून. खरी अडचण बंद करताना यायची. कार्टूनच्या चॅनलला शेवटच नसतो. एक संपलं की जाहिरात, जाहिरातीतच पुढचं सुरू. ‘पाच मिनिटांत बंद’ म्हणून उपयोग नाही, तीन वर्षांच्या लेकराला पाच मिनिटं म्हणजे काय कळणार? त्याला कळतं ते, ह्यानंतर काय. म्हणून चॅनल सोडून यूट्यूबवर आलो, सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद केलं आणि आधीच ठरवायचं, आज कोणते दोन. दुसरं संपलं की बटण बापूनेच दाबायचं. आणि लगेच मामांबरोबर गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकायला जायचं. ज्वारीची वाटी मी टीव्ही लावायच्या आधीच त्याच्या मांडीवर देते. पहिले काही दिवस वाटी फेकली, रडला, जमिनीवर लोळला. आत्या म्हणायची, “लेकराला रडवून काय मिळायलंय तुला?” मी मशीनवरून उठले नाही, मामा त्याला तसाच उचलून वर घेऊन गेले. नंतर रडणं कमी कमी होत गेलं. थांबलं असं म्हणणार नाही, अजूनही एखाद्या दिवशी होतं.

मध्ये ह्यांनी एक युक्ती केली. लाईट गेली की बापू कधीच रडत नाही. लाईट गेली म्हणजे गेली, त्याला कोणाचा राग नाही. ते बघून ह्यांनी हळूच टीव्हीची पिन काढली आणि म्हणाले, “अरेरे, लाईट गेली!” बापूने वर बघितलं. “मग पंखा कसा फिरायलाय?” त्या दिवशी तो जो रडला! शेजारच्या काकूही मेन स्विच पाडायला सांगत होत्या. मी नको म्हटलं. एवढ्याशा लेकराला पंखा कळतो, तर मेन स्विच कळायला किती दिवस लागणार?

संध्याकाळचं बोलणं सगळ्यात अवघड होतं. मामांना ‘बातम्या बघू नका’ असं सून कशी सांगणार? मी ते सांगितलंच नाही. वही त्यांच्यासमोर ठेवली आणि डॉक्टरांचं म्हणणं वाचून दाखवलं: झोपायच्या आधी तासभर पडदा नको, त्या उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन कमी तयार होतं. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून भाव मोबाइलवर बघायला लागले. आत्याची मालिका मात्र कोणी हलवू शकलं नाही, आणि मी प्रयत्नही केला नाही. दिवसभर राबलेल्या बाईचा तो एवढाच वेळ असतो. दुपारी तेच पुन्हा दाखवतात असं ह्यांनी सुचवलं, तर म्हणाली, “शिळं कशाला बघू?” मग उलट केलं. साडेसातला ती खाली मालिका बघणार आणि बापू वर गच्चीवर. उन्हाळ्यात आम्ही झोपतो वरच. ऊन उतरलं की ह्यांनी अंथरुणं टाकायची, बापूने उशा मोजायच्या, जेवणही वरच. तिथे टीव्हीच नसल्यामुळे भाकरीचा काला दूध-गुळात कुस्करून दिला तरी खाऊ लागला, आणि पोट भरलं की ‘बास’ म्हणू लागला. टीव्हीसमोर त्याला भरलेलं कळतच नव्हतं, तोंड आपोआप उघडायचं.

आणखी एक. कार्टून हिंदीतली असल्यामुळे तो आजीला “मुझे पानी दो” म्हणायचा आणि सगळे हसायचे. वेळ कमी झाल्यावर ते आपोआप मागे पडलं. मला त्याची काळजी नव्हती, आत्याला होती.

जूनपासून अंगणवाडी सुरू झाली आणि सकाळ सोपी झाली. तिथली गाणी, खिचडी आणि ताईंचा धाक. येऊन झोपतो, उठून रिळं काढतो. नळाला पाणी आलं की तेवढा दिवस टीव्ही आठवतच नाही, सगळं घर पिंप-बादल्या भरण्यात आणि तो मगाने पाणी सांडण्यात. हिवाळ्यात मात्र गच्ची गेली. साडेसातला आता बापूला घेऊन मी स्वयंपाकघरात बसते, तो कणकेचे गोळे करतो, मालिकेचं गाणं ऐकू आलं की दारापर्यंत जाऊन येतो. आत्याने आवाज कमी केलाय, एवढं पुष्कळ. वेळ अमावस्येच्या सणाला शेतात गेलो, तिथे कडब्याची खोप, भज्जी-आंबील आणि मोकळं रान. दिवसभर त्याने टीव्हीचं नावसुद्धा काढलं नाही. उलट माझ्या माहेरी टीव्ही सकाळपासून चालू असतो. तिथे मी वही काढत नाही. दोन-चार दिवसांसाठी आईशी कोण भांडणार? परत आल्यावर त्याची किरकिर होते, ती सोसायची.

आता लग्नसराई जवळ आली आहे, स्टँडवर कूलर परत बसवायचाय. बाकी सगळं नीट लागलंय, एक आयपीएल सोडून. गेल्या वर्षी ‘झोपवतो’ म्हणून वर गेलेले बाप-लेक अंथरुणात मोबाइलवर मॅच बघताना सापडले. ह्यांचं म्हणणं, मॅच टीव्हीत मोजायची नाही. ते अजून मिटलेलं नाही.