तुम्ही विचारलंत म्हणून: साहेबाच्या वेळचा माल

रेल्वेच्या स्टोअर्स डेपोत माझी 31 वर्षं गेली, त्यातली बरीचशी रिसीट वॉर्डात. आलेला माल उतरवून घ्यायचा, मोजायचा, मापायचा आणि बसत नसेल तर परत धाडायचा, हे काम. ते कळलं की लग्नकार्यात, गाडीत, कट्ट्यावर कुणी ना कुणी विचारतंच, "काय हो, साहेबाच्या वेळी माल कसा चोख यायचा, नाही? दीडशे वर्षं झाली तरी पूल हलत नाहीत. आता बघा."

विचारणाऱ्याचं चुकतं असं नाही. घाटाखालच्या एका स्टेशनच्या कुंपणात जुन्या रुळांचे खांब आहेत. गंज अंगठ्याने घासला की उठावाची अक्षरं लागतात: कारखान्याचं नाव, साल. मीही त्यावरून कितीदा हात फिरवलाय. पण तो खांब उरला म्हणून आपल्याला दिसतो. जो रूळ तडकला तो केव्हाच भंगारात गेला. उरलेल्या मालावरून आलेल्या मालाची परीक्षा होत नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा सरकारशी करार झाला 1849 साली. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली. दगड, चुना, माती इथली; रूळ, चेअर म्हणजे रूळ ज्यात बसतो ती बिडाची बैठक, बोल्ट, गर्डर, इंजिनं, सगळं विलायतेहून. कुजू नयेत म्हणून क्रिओसोट तेल पाजलेले लाकडी स्लीपरसुद्धा जहाजाने येत. गजाला 84 पौंडांचा रूळ धरला तर एकेरी मार्गाच्या एका मैलाला नुसते रूळच 132 टन लागतात. एवढा माल आफ्रिकेला वळसा घालून चारेक महिन्यांनी मुंबईत पोचायचा.

आणि पोचायचा म्हणजे काय? ससून डॉक झाला 1875 साली, प्रिन्सेस डॉक 1880 साली. त्याआधी मोठी जहाजं बाऱ्यात, म्हणजे धक्क्यापासून दूर पाण्यात, नांगर टाकून उभी राहत. माल दोरखंडाने पडावात, म्हणजे माल वाहणाऱ्या होडीत, उतरायचा, पडाव बंदराला लागायचा, तिथून हमालांच्या डोक्यावर, मग बैलगाडीत. कारखाना, आगगाडी, लिव्हरपूलचा किंवा लंडनचा धक्का, जहाज, पडाव, बंदर, गाडी: सात हात बदलल्यावर पेटी उघडली जाई आणि मग कळे की नग कमी आहेत, किंवा बीड तडकलंय. बीड ठिसूळ. वरून धाडकन पेटी पडली की बैठकेचा कान उडालाच. तो कारखान्यातच चिरलेला होता की बाऱ्यात उडाला, हे सांगायचं कुणी?

मला यातलं सगळ्यात मोठं दुखणं वाटतं ते बिल ऑफ लेडिंगचं, म्हणजे जहाजाने माल घेतल्याच्या पावतीचं. जहाजाचा कप्तान त्यावर सही करतो, "इतके जुडगे, इतक्या पेट्या मिळाल्या." पण सोबत शब्द असतात: वजन आणि आतला माल आम्हाला माहीत नाही. म्हणजे पेट्या पुऱ्या उतरल्या की कप्तान मोकळा. कारखानदार दाखला पुढे करतो की तुमच्याच कंपनीच्या इन्स्पेक्टरने इथे माल पास केलाय. राहिला कोण? पडावाचा तांडेल आणि बंदरावरचा हमाल. संशय घ्यायला तेच सगळ्यात सोपे, कारण त्यांच्या हातात एकही कागद नसे.

कायद्याचा आधारही लंगडाच होता. 1851 साली इंग्लंडच्या कोर्टात ग्रँट विरुद्ध नॉर्वे हा खटला निकाली निघाला. कलकत्त्याहून लंडनला जायच्या रेशमाच्या 12 गासड्यांसाठी कप्तानाने बिलावर सही केली होती. गासड्या जहाजात चढल्याच नव्हत्या. कोर्ट म्हणालं, न चढलेल्या मालासाठी सही करायचा कप्तानाला अधिकारच नाही, तेव्हा जहाजाचे मालक बांधील नाहीत. पुढे 1856 साली इथे बिल्स ऑफ लेडिंगचा कायदा आला. त्याने बिल हा सही करणाऱ्याविरुद्ध पक्का पुरावा ठरवला, पण मालकापर्यंत तो हात पोचवला नाही. तो कायदा आपल्याकडे 2025 पर्यंत चालू होता, आणि मीही त्याच्याच छायेत नोकरी केली.

आता वेळेचा हिशेब करा. माल यायला चार महिने. तूट कळल्यावर पत्र लंडनला जायला महिना-सव्वा महिना, उत्तराला तेवढाच, बदली माल यायला पुन्हा चार महिने. समुद्रतार मुंबईला लागली 1870 साली. भोर घाटाचं काम 1856 ते 1863 चाललं. त्या सात वर्षांत तक्रार लिहायची ती बोटीच्या टपालानेच. रूळ आले आणि बोल्ट राहिले तर रूळ नुसते पडून. मजुरांची टोळी बसून. म्हणून जागेवरचा इंजिनिअर बहुधा भांडत बसत नसणार. जुळवून घेत असणार, लोहाराकडून इथेच करून घेत असणार. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

हावड्याला तर पहिल्या गाडीच्या वेळीच घात झाला. डब्यांचं सामान घेऊन येणारं जहाज हुगळीच्या मुखाशी बुडालं, आणि इंजिनं चुकून ऑस्ट्रेलियाला गेली. शेवटी डबे कलकत्त्यातच बांधून घेतले, आणि 15 ऑगस्ट 1854 ला गाडी निघाली. ही गोष्ट लोक गमतीने सांगतात. मला तिच्यात ते डबे बांधणारे सुतार-लोहार दिसतात.

आणि नुकसान कुणाचं? कंपन्यांना भांडवलावर 5 टक्के व्याजाची सरकारी हमी होती. उत्पन्न कमी पडलं तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेतकऱ्याच्या साऱ्यातून. मालाचा पैसा लंडनमध्येच चुकता होई. तेव्हा तुटलेल्या बैठकेची किंमत भांडवलात धरली जायची आणि तिच्यावरही व्याज चढायचं. हिंदुस्थानचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनी 1872 च्या संसदीय समितीपुढे उघड सांगितलं, की हमी मिळाल्यावर आपला पैसा हुगळीत टाकला की त्याच्या विटा झाल्या याच्याशी भांडवलदाराला काही कर्तव्य उरलं नाही. पुढे गणेश व्यंकटेश जोशींनी पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात आकडे मांडून हीच नस दाबली: रेल्वेच्या नावाने आपण विलायती कारखानदारीला पोसतोय.

माझ्या वेळची एक गोष्ट. एका पुरवठादाराचे डॉग स्पाइक, म्हणजे रूळ स्लीपरला धरणारे मोठे खिळे, आले. पोती फोडून मोजले तर नग पुरे. दाखला सोबत होता. पण हातात घेतल्यावर माझ्या जुन्या खलाशाने, म्हणजे डेपोतल्या मदतनिसाने, खिळा दोनदा तोलला आणि म्हणाला, "साहेब, हलका लागतोय." गेज लावलं तर दांडा बारीक. शंभर नग काट्यावर घातले. नगाने पुरे, लोखंडाने उणे. पुरवठादाराचा माणूस दाखल्यावर बोट ठेवून दुपारभर वाद घालत राहिला. मी रिजेक्शन मेमो लिहिला, सही केली, शिक्का मारला. आठवड्याभरात त्याचा ट्रक आला आणि पोती त्याच्याच खर्चाने परत गेली.

साहेबाच्या वेळी बंदरावर उभा असलेला जो कारकून पेट्या मोजत होता, त्यालाही खिळा हलका लागला असेल. त्याचाही हात माझ्या खलाशासारखाच तयार असेल. पण माल परत घ्यायला त्याच्या दारात कुणाचा ट्रक येणार नव्हता.