आई-बाबांचा शेंगेन व्हिसा: ९० दिवस नेमके कसे मोजायचे

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट, जर्मनी आणि फ्रान्स दोन्ही त्यातच येतात. नाशिकहून जर्मनीत लेकीकडे किंवा मुलाकडे यायचं, तर व्हिसाच्या स्टिकरवर तीन गोष्टी वाचायच्या: कधीपासून, कधीपर्यंत आणि मुक्कामाचे दिवस. बहुतेक घरांत पहिल्या दोनच वाचल्या जातात. समजा, १ मे ते १३ ऑगस्ट अशा तारखा आहेत आणि दिवस ९०. तारखांमधलं अंतर १०५ दिवसांचं भरतं, कारण प्रवास पुढेमागे झाला तर अडचण नको म्हणून १५ दिवस जादा दिलेले असतात. मुक्काम मात्र ९० दिवसच. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. म्हणजे १ मेला उतरलात तर शेवटचा दिवस २९ जुलै. परतीचं तिकीट पॅरिसमार्गे असेल तर बाहेर पडल्याची नोंद पॅरिसला होते. २९ला फ्रँकफर्टहून निघून रात्र पॅरिसला काढली आणि ३०ला मुंबईचं विमान धरलं, की झाला ९१वा दिवस! १२ ऑक्टोबर २०२५पासून शिक्क्यांच्या जागी संगणकी नोंद येऊ लागली आहे, त्यामुळे एक दिवसही लपत नाही. वर्ष बदललं म्हणून हिशेब कोरा होत नाही. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी त्या दिवसापासून मागचे १८० दिवस मोजायचे, त्यात ९०पेक्षा जास्त नकोत.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. कमीत कमी १५ दिवस आधी चालतो म्हणतात, पण मे महिन्यासाठी फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या. मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसने जाणार असाल तर सकाळी नऊची वेळ घेऊ नका, गाडी पोहोचतच नाही. फी मोठ्यांना ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला. (हे पासपोर्ट छापले जातात आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.)

मुलांनी इथल्या, जर्मनीतल्या परदेशी नागरिक कार्यालयातून आई-बाबांचा खर्च उचलण्याचं हमीपत्र काढायचं, फी २९ युरो. मूळ कागदच पाठवायचा, स्कॅन चालत नाही. व्हिसा मिळाल्यावर हा कागद कपाटात ठेवू नका. सीमेवर मागू शकतात. विम्याचा कागद आणि हमीपत्र हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

नावाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. आईच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, तिकिटावर नुसतं नाव-आडनाव आणि विम्यावर माहेरचं नाव, असं होता कामा नये. पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे.

परत येणार याचा पुरावा हा अर्जाचा कणा आहे. पेन्शनची नोंद असलेलं बँक स्टेटमेंट द्या. आठवडाभर आधी एफडी मोडून खात्यात मोठी रक्कम टाकली तर उलट संशय येतो. द्राक्षबाग असेल तर सातबारा जोडा, पण इंग्रजी भाषांतरासह. सोबतच्या पत्रात साधं लिहा: एप्रिलची खरड छाटणी उरकून येतोय, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला बागेत असणं भाग आहे. असं कारण अधिकाऱ्याला पटतं, ‘देश बघायचाय’ एवढ्याने काम होत नाही.

नकार आला तर पूर्वी वकिलातीकडेच फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५पासून जर्मनीने ती सोय बंद केली. आता नवा अर्ज, नवी फी, नाहीतर थेट बर्लिनचं कोर्ट.