पितृपक्षातलं औली

सर्वपित्री अमावस्या, सोलापूर.

उद्या घट बसतील आणि चाटी गल्लीत पाय ठेवायला जागा उरणार नाही, म्हणून आजच लिहून ठेवते.

आमचा धंदा चादरींचा. दिवाळीपासून संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत दुकान सोडून हलता येत नाही. लोक बर्फ बघायला निघतात तेव्हा आम्ही गठ्ठे सोडत असतो. पितृपक्षात नवी वस्तू कुणी घेत नाही, तेवढा पंधरवडाच काय तो मोकळा. यंदा मामंजींचं पिंडदान बद्रीनाथला ब्रह्मकपालावर करायचं ठरलं होतं. ते नीट पार पडलं. परतताना जोशीमठात एक दिवस हाताशी उरला, तेव्हा गाडीवाला म्हणाला, वर औलीला, हिवाळ्यात बर्फावर स्कीइंग करतात तिथे, जाऊन या, आता गर्दी नाही.

जोशीमठहून रोपवेने जाता आलं असतं, पण तो बंद होता. जानेवारी २०२३मध्ये जोशीमठात जमीन खचली, घरांना भेगा पडल्या, तेव्हापासूनच. गावातून जाताना त्या भेगांकडे नजर गेलीच. आम्ही गाडीनेच गेलो. बारा-चौदा किलोमीटरचा घाट, दोन्हीकडे बांज, म्हणजे तिथला ओक, आणि देवदार.

आणि मग तो स्कीइंगचा उतार. जानेवारी २०११मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी खेळांतल्या शर्यती इथे झाल्या. आत्ता गुडघाभर गवत होतं आणि त्यात गाई चरत होत्या. चेअरलिफ्टमध्ये आम्ही दोघंच, पुढच्या-मागच्या खुर्च्या रिकाम्या. सोलापूर साडेचारशे मीटरवरचं, इथे तीन हजारांच्या जवळ, त्यामुळे वर उतरल्यावर चार पावलांतच दम लागला. हे म्हणाले, "अगं, घाई कशाला, आज कोण गिऱ्हाईक वाट बघतंय?" कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून असं ऐकलं.

वर एक तळं आहे, माणसाने बांधलेलं. तळं म्हटलं की सोलापूरकराला सिद्धेश्वर आठवणारच. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांना घेऊन तळं खोदलं ते पाणी साठवायला. इथे पाणी साठवलंय ते बर्फ करायला. शेजारच्या चहावाल्याने सगळं समजावलं. पाणी आणि दाबाखालची हवा यांचा बारीक फवारा यंत्राने उंच उडवायचा, थेंब खाली येईपर्यंत गोठले पाहिजेत. त्यासाठी हवा शून्याच्या खाली उतरायला हवी. म्हणजे यंत्र घेतलं तरी थंडी वरूनच यावी लागते. फेब्रुवारी २०२३मध्ये इथली राष्ट्रीय स्कीइंग स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाली, हेही त्यानेच सांगितलं.

त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्कीच्या जोड्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, खाली बूट मापाप्रमाणे लावलेले. हिवाळ्यात भाड्याने देतो, उन्हाळ्यात बद्रीनाथच्या यात्रेत काम करतो. हंगामाआधी स्कीच्या तळाला मेण लावावं लागतं. यांनी एक स्की हातात घेऊन कापड तपासावं तशी उलटीपालटी केली. मग दोघांची अशी काही गट्टी जमली की चहा दोनदा झाला. माल कधी भरता, पैसे कुठे अडकतात, बर्फ उशिरा पडला तर काय करता? तो म्हणाला, लोक तरीही येतात, फोटो काढतात, चहा पितात, पण स्की कुणी घेत नाही. हे म्हणाले, थंडी पडली नाही की आमच्याही चादरी घडीवर घडी तशाच राहतात. ऊन, थंडी, पाऊस यांच्या भरवशावर पोट असणारी ही दोन माणसं एकमेकांना किती पटकन समजली! भर हंगामात त्याला आमच्याशी एवढं बोलायला वेळ मिळाला नसता, आणि आम्ही तर तिथे असूच शकलो नसतो.

दुपारी ढग हटले आणि नंदादेवी दिसली. ७,८१६ मीटर. गढवालची ती कुलस्वामिनी आहे. चहावाल्याने हात जोडले, आम्हीही जोडले. खालचा सगळा उतार हिरवा आणि पांढरी तेवढी तीच.

मला तो उतार बर्फात बघायचाय. आधी कधी एवढं वाटलं नव्हतं. गवताखाली जमीन कशी आहे, वळण कुठे आहे, गाई कुठे बसतात, हे आता ठाऊक आहे, म्हणूनच ते झाकलेलं बघायची ओढ लागली आहे. त्या शेडमधल्या जोड्या बाहेर निघालेल्या बघायच्या आहेत. बर्फ असा कमी होत चालला तर फार वाट बघण्यात अर्थ नाही, हे मी यांना गाडीतच सांगितलं. हे म्हणाले, फेब्रुवारीत लग्नसराई असते. असते खरी. पण गड्डा उठल्यावर आठवडाभर दुकान माझे दीर सांभाळू शकतात. काल जाऊबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा हो वहिनी, भाऊजींना मी सांगते."