रब्बीची झाडं: आमची वाटचाल

सोलापुरातल्या आमच्या नर्सरीला छप्पर आहे ते मागाच्या शेडचं. सासऱ्यांनी इथे १२ यंत्रमागांवर टर्किश टॉवेल विणले. पुढे धंदा बसला, माग एकेक करून भंगारात गेले, शेड तेवढी राहिली. टॉवेलचा रंग नीट पारखता यावा म्हणून तिच्या छताला उत्तरेकडे तोंड करून काचा बसवलेल्या आहेत. ऊन थेट आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर असतो. त्या उजेडात आज पेलार्गोनियमच्या ६४ जाती आहेत.

नाव नवं वाटेल, पण झाड ओळखीचं आहे. बाल्कनीत लाल-गुलाबी गुच्छांचं जे ‘जिरेनियम’ लोक लावतात, ते खरं पेलार्गोनियम. १७८९ साली लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने हा गट जिरेनियमपासून वेगळा काढला, तरी जुनं नाव लोकांच्या तोंडून सुटलं नाही. फूल हातात घेतलं की फरक कळतो. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन वेगळ्या, खालच्या तीन वेगळ्या आणि देठाला चिकटून मधाची एक बारीक नळी. देठावरून नख फिरवलं की नळी संपते तिथे छोटासा उंचवटा लागतो. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तो उंचवटा दाखवते.

बाल्कनीतली ती झाडं संकरित असतात. आम्ही जपतो त्या रानातल्या मूळ जाती. अशा सुमारे २८० आहेत आणि त्यातल्या बहुतेक आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या.

सुरुवात मात्र या छंदातून झाली नाही. सुगंधी तेलाच्या जिरेनियमची लाट आपल्या भागात आली, तेव्हा शेतकऱ्यांना रोपं हवी होती. तेही पेलार्गोनियमच. मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेलं, शेड रिकामी पडलेली. यजमान म्हणाले, बघू करून. प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे खळग्यांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून आम्ही काड्या लावायला लागलो. पहिला हंगाम चांगला गेला. दुसऱ्या वर्षी बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका कंपनीने ४०,००० रोपांची ऑर्डर दिली. रोपं तयार झाली आणि त्यांचा फोन लागेनासा झाला. आगाऊ घेतलेली रक्कम कोकोपीटलाही पुरली नव्हती. पावसाळा लागला तसे काड्यांचे बुडखे काळे पडत गेले, आणि ट्रेच्या ट्रे आम्ही उकिरड्यावर रिकामे केले. ते कर्ज फेडायला ३ वर्षं लागली. त्या दिवसापासून एकाच गिऱ्हाइकासाठी आम्ही कधी लागवड केली नाही.

मूळ जातींचं वेड त्याच काळात लागलं. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या एका बियाणे-विक्रेत्याकडून, आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला असं सगळं रीतसर करून, मी ११ जातींचं बी मागवलं. पाकीट उघडलं तेव्हा वाटलं कुणी पिसं पाठवलीत. पेलार्गोनियमच्या प्रत्येक बीला मळसूत्रासारखी पिळलेली शेपटी असते आणि तिला रेशमी केस. ओल्या तळहातावर ठेवलं तर शेपटीचा पीळ सुटायला लागतो, वाळली की परत आवळतो. असं फिरत फिरत बी स्वतःला जमिनीत खुपसून घेतं. एका फुलातून अशा जास्तीत जास्त ५ बिया मिळतात. इतकं नेटकं बी मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आणि ते सगळं मी मातीत घातलं. मृग लागला की पेरायचं, एवढंच ठाऊक. जूनमध्ये पेरलं, उगवलं ते पावसाळी दमटपणात कुजलं. चार-पाच रोपं तगली, ती पुढच्या मार्चमध्ये पानं गाळू लागली. उन्हाने सुकली म्हणून मी पाणी वाढवलं, तर मुळाशी गाठोड्यासारखे झालेले कंद मऊ पडून गेले.

माझे वडील मंगळवेढा तालुक्यातले शेतकरी. त्या वर्षी ते आले, उरलेल्या दोन कुंड्या हातात घेऊन बघितल्या आणि विचारलं, “हे त्यांच्याकडं कधी वाढतं?” मी म्हटलं, तिकडे थंडीत पाऊस पडतो, तेव्हा. उन्हाळा कोरडा जातो, तेव्हा झोपतं. ते म्हणाले, “मग हे रब्बीचं हाय की. खरिपात कशाला घालतीस?”

त्या एका वाक्यावर आमचा धंदा उभा आहे. आपल्याकडे मालदांडी ज्वारी जशी परतीच्या पावसानंतर पेरतात आणि ती थंडीवर, दवावर वाढते, तसंच या झाडांचं. केपचा हिवाळा जून ते ऑगस्ट; सोलापुरात तशी हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मिळते. म्हणजे ऑक्टोबरमध्ये पेरायचं, होळीपर्यंत वाढवायचं, पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडायचं आणि सबंध उन्हाळा नि पावसाळा कुंडी कोरडी ठेवायची. ४२-४३ अंशांचा उन्हाळा कंदाला सोसतो, झोपेत पडलेलं पाणी सोसत नाही. पावसाचा थेंब न लागू देणारी जागा आमच्याकडे होतीच. सूत भिजू नये म्हणून सासऱ्यांनी तो पत्रा दरवर्षी डांबर लावून जपला होता. छतावरून वाहणारं पाणी आता टाकीत साठवतो आणि हिवाळ्यात तेच घालतो, कारण बोअरचं पाणी जड आहे, पानांच्या कडा जळतात.

माती म्हणाल तर काळी माती चमचाभरही नाही. चाळलेला मुरूम, जाड वाळू, थोडं कुजलेलं शेणखत, आणि कुंभाराकडची भाजलेली कुंडी.

कामाला आमच्याकडे तीन मावशी आहेत. तिघींनीही आधी वर्षानुवर्षं विड्या वळल्या. बीचं टरफल कठीण असतं, पाणी आत शिरायला पॉलिश पेपरवर एक कड हलकेच घासावी लागते. जरा जास्त झालं की आतला कोंब जातो. मी घासलेल्या दहांपैकी तीन-चार वाया जातात, त्यांच्या हातचं क्वचितच. परागीकरणही त्याच करतात. या फुलात आधी पराग सुटतो आणि दोनेक दिवसांनी कुक्षीची, म्हणजे पराग झेलणाऱ्या भागाची, ५ टोकं चांदणीसारखी उलगडतात. तेवढ्या वेळात मधमाशी शेजारच्या जातीचा पराग घेऊन आली तर संकर होतो, आणि मग त्या बीला मूळ जातीचं नाव लावता येत नाही. म्हणून कळीवर मलमलीची पिशवी बांधायची, कुंचल्याने पराग लावायचा आणि देठाला सुताचा धागा. मागावरचं उरलेलं रंगीत सूत अजून दोन पोती आहे. एकिनॅटम जातीला तांबडा, कार्नोसमला पिवळा, सिडॉइडिसला हिरवा. आमच्या वहीत जातीच्या नावापुढे धाग्याचा तुकडाच चिकटवलेला असतो.

नावाबद्दल मी फार कडक आहे. प्रत्येक कुंडीत ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर खिळ्याने कोरलेलं नाव, बी कुठून आलं आणि कोणत्या वर्षी. शाई आपल्या उन्हात सहा महिने टिकत नाही. पट्टी हरवलेलं झाड कितीही सुंदर असो, आम्ही ते विकत नाही.

गिऱ्हाइकं मोठ्या, वेड्यावाकड्या खोडाची जुनी झाडं मागतात. तशी हवी असतील तर ती वाढवायला वर्षं द्यावी लागतात. जगात अशी कित्येक झाडं रानातून उपटून विकली जातात. दक्षिण आफ्रिकेत मांसल वनस्पतींची चोरी गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे. आमच्याकडचं प्रत्येक झाड बियांपासून किंवा आमच्याच झाडाच्या काडीपासून केलेलं असतं. जाड खोडाची काडी कापली की चार-पाच दिवस सावलीत वाळू द्यायची, जखम सुकल्यावरच मुरमात लावायची. घाई केली की कुजलीच.

टोमेंटोसमची मागणी सगळ्यात जास्त. पुदिन्याचा वास, मखमली पान. हात लावला की सोडवत नाही. पण त्याला गारवा आणि सावली लागते, आपल्या मे महिन्यातल्या रात्री ते काढत नाही. तीन उन्हाळे प्रयत्न केले. सोलापूरच्या माणसाला मी ते देत नाही, स्पष्ट सांगते. त्याऐवजी टेट्रागोनम न्या: चौकोनी दांड्याचं, पानं थोडी, ताप सोसणारं.

माझं सगळ्यात लाडकं कोटिलेडोनिस. अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावरचं, दुसरीकडे कुठे रानात आढळत नाही. माती-पाण्यावाचून महिनोन्‌महिने जिवंत राहतं म्हणून बेटावरचे लोक त्याला ‘चिरंजीव म्हातारबा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. आमच्याकडे दोनच आहेत, आणि दोन्ही विकायची नाहीत.

आज २३ जाती विक्रीला आहेत, ३५० रुपयांपासून १,८०० पर्यंत. पार्सल फक्त ऑक्टोबर ते जानेवारी. उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीत काय होतं ते एकदा पाहिलंय.

महाशिवरात्रीच्या सुमारास गिब्बोसम आणि ट्रिस्टे फुलतात. ट्रिस्टे म्हणजे उदास. हिरवट-पिवळी, तपकिरी फुलं, दिवसा कुणी वळूनही बघत नाही. वास रात्रीच सुटतो. त्या दोन-तीन आठवड्यांत शेड संध्याकाळी ७ नंतर उघडी ठेवतो आणि दिवे मालवतो. सासरे खुर्ची टाकून दाराशी बसतात. बाराव्या मागाची जागा होती तिथेच ट्रिस्टेची मांडणी आहे. यंदा आमच्याच फुलांचं बी धरलं होतं, ९ पेरल्या, ५ उगवल्यात.